तेरा अंशांच्या खाली

४ एप्रिल

प्रिय ताई,

तुझ्या शिफारशीने मिळालेल्या नोकरीचा पहिला आठवडा संपला. मला अजून कुणी मारलेलं नाही. मी एकाच्याच कानाखाली काढली, तीही हलकीच. नवा फोन घेतलेला नाही, तेव्हा ओरडू नकोस. जुना त्या कॉलेजच्या पोराच्या डोक्यावर फुटला, तेव्हाच तू बजावलं होतंस की आता पत्रच लिहायचं, पत्रात तरी तू मध्ये मध्ये भुंकत नाहीस. तर घे पत्र. माल घेऊन ड्रायव्हरमामा तुमच्याच गोदामाला येतो, त्याच्या हाती देतोय. उत्तर त्याच्याच हाती पाठव.

इथलं काम म्हणजे कत्तल आहे. पहाट झाली की तोडणीची टोळी बागेत घुसते. लांब काठ्यांना पाती बांधलेली. खच्च करून देठ तुटतो आणि आंब्यातून चीक असा उडतो की वाटावं मानेवर सुरी फिरली. मग क्रेट भरून शेडमध्ये येतात, तिथे प्रतवारी, तिथून माझ्या शीतखोलीत. शीतखोली म्हणजे हातभर जाड दाराची मोठी पेटी. बाहेर मशीन, मशीनवर आकडा. तो आकडा सांभाळायचा, बास. कॉलेज अर्धवट सोडलेल्याला याहून काय देणार म्हणा.

टोळीचा मुकादम हा माणूस मला पहिल्या दिवसापासून डोक्यात जातो. रेड्यासारखा आहे. बोलतो कमी, बघतो जास्त. त्याची बहीण प्रतवारीच्या टेबलावर बसते. नापास आंबा ती हाताने उचलत नाही, बोटाने टिचकी मारून बाजूला उडवते, म्हणून सगळे तिला टिचकीच म्हणतात. ताई, हसू नकोस. मागच्या वेळचं वेगळं होतं. ही वेगळी आहे. काल मी क्रेट ठेवायला गेलो तर तिने माझ्याकडे बघितलं आणि हातातला आंबा पास केला. तो नापास होता. मी बघितला ना!

पण तिच्या गालावर काळे वळ आहेत. मानेवरही. परवा होते त्यापेक्षा काल जास्त. भाऊ दिवसभर पातं घेऊन फिरणारा, आणि बहिणीच्या तोंडावर वळ. मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. विचारतो त्याला. तोंडाने विचारतो आधी.

तुझा,
काडी


९ एप्रिल

प्रिय काडी,

तुझं नाव मीच ठेवलं होतं, तू चार वर्षांचा असताना. दुसऱ्याच्या डब्यावर घासली तरी पेटतोस. आता वाटतं, नाव तू जास्तच मनावर घेतलंस.

आधी महत्त्वाचं. त्या मुलीच्या गालावरचे डाग कसे आहेत? वरून खाली ओघळल्यासारखे, कडांना जास्त काळे? मग तो आंब्याचा चीक आहे, गाढवा. कातडी जाळतो तो. देठ खालून मोडला की सरळ तोंडावर उडतो. माझ्या हातावर अजून आहेत, मावशीला विचार, म्हणजे तुझ्या आईला, तिनेच मलम लावलं होतं. मुकादमाला काही एक विचारू नकोस. हात खिशात ठेव.

आता कामाचं. तुझ्यासाठी मी तिथल्या मालकाला शब्द दिलाय, म्हणून नीट वाच. आपल्या धंद्यात आंबा झाडावर तयार होतो, पिकतो नंतर. तयार म्हणजे देठाजवळचे खांदे भरून वर आलेले, पाण्यात टाकला तर बुडणारा, कापला तर कोयीजवळ पिवळा. आधीच तोडला तर तो पिकत नाही, सुकतो, आंबट राहतो. असा तयार पण कच्चा माल तेरा अंशांवर ठेवायचा. त्याखाली नाही. पिकून रंग धरलेला आंबा आठ-दहापर्यंत सोसतो, पण कच्च्याला ती थंडी म्हणजे मुका मार. आत असेपर्यंत काही दिसत नाही. बाहेर उबेत आला की उमटतो.

तेरा. भिंतीवर लिहून ठेव.

आणि मुलीने बघितलं म्हणजे बघितलं. डोळे असले की माणूस बघतं.

ताई


१५ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र मामाने आणलं तेव्हा माझ्या नाकात कापूस होता.

उशीर झाला गं. चार दिवस मी दात खाऊन राहिलो, खरंच राहिलो. पाचव्या दिवशी ती टेबलावर बसली तर डोळ्याखाली नवा ताजा काळा पट्टा. मी सरळ बागेत गेलो. मुकादम झाडाखाली पाणी पीत होता. मी म्हटलं, "बाईमाणसावर हात टाकतोस होय रे?" तो म्हणाला, "कोण?" बास. तो 'कोण' असा म्हणाला ना, की मी रिकामा क्रेट उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. त्याची भुवई फाटली. मग त्याने मला हाणलं. ताई, तो माणूस नाही, भिंत अंगावर येते. मी त्याच्या कानाला चावलो. त्याने मला मानगुटीला धरून आंब्याच्या ढिगावर आपटलं, दोनदा. टोळीतली माणसं गोल करून उभी, कुणी सोडवत नव्हतं. एकजण तर म्हणाला, "माल दबतोय, बाजूला घ्या यांना."

सोडवलं तिने. पळत आली, आणि मला वाटलं माझ्या बाजूने आली. तिने बाही वर केली आणि हात माझ्या नाकासमोर धरला. कोपरापर्यंत तेच डाग. टोळीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर तेच डाग. मुकादमाच्या स्वतःच्या गळ्यावर सुद्धा. म्हणाली, "हे बघ. हे कुणी मारलं? झाडाने. जा, झाडाला मार."

टोळी पोट धरून हसली. मुकादमपण हसला, भुवईतून रक्त गळत असताना. आता सगळे मला 'झाडमाऱ्या' म्हणतात.

मी माफी मागणार आहे. पण ती माझ्याकडे बघतच नाही. आणि मामा म्हणतो, शेवटची बाग आठवड्यात उरकेल, खोलीतला माल भरून निघाला की टोळी दुसरीकडे जाणार. आठवड्यात माणूस काय करणार? मला वेळ हवाय. तू त्या आठ-दहाचं लिहिलंस ते बरं केलंस. ठीक आहे, बघतो.

आजच्या गाडीचा माल चांगला आहे. तो मी तेरावरच ठेवला होता.

काडी


२० एप्रिल

काडी,

कान चावलास? तू आणि मी एकाच आजीच्या हातचं खाल्लंय यावर माझा विश्वास बसत नाही.

पहिला माल छान निघाला. गोदामात चार दिवसांत पिकला, रंग एकसारखा, कापला की रस कोपरापर्यंत. मी मालकाला फोनवर तसं कळवलंय, तुझ्या नावासकट.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. 'तो तेरावर ठेवला होता.' मग पुढचा कशावर ठेवणारेस? आठ-दहा मी पिकलेल्या आंब्याचं लिहिलं होतं. पत्र काढ आणि पूर्ण वाच. आणि मालक मला फोनवर खुशीत सांगत होता की आतला माल अजून दगडासारखा आहे, भाव चढेपर्यंत थांबवतो. एवढे दिवस दगड कसा राहील? मशीनला हात लावू नकोस.

त्या मुलीची माफी मागायची असेल तर एका वाक्यात माग आणि निघ. पाया वगैरे धरू नकोस, नाटक वाटतं.

ताई


२ मे

माझी गुणी ताई,

आज भांडण नाही, मारामारी नाही. आज मी खूश आहे.

टोळी अजून इथेच आहे! मालक भावाची वाट बघतोय, फळ अजून झोपलेलं आहे, टोळी शेडच्या मागे तळ देऊन बसलीय. दोन-तीन दिवसांआड क्रेट बाहेर काढून प्रतवारी होते. ती टेबलावर असते आणि मी दारात.

मी माफी मागितली. एका वाक्यात. तिने पुढचा आंबा टिचकीने उडवला. पण परवा, ऐक, परवा ती स्वतः शीतखोलीपाशी आली. गार वाफेत उभी राहिली आणि मला म्हणाली, "अजून किती दिवस इथे?" ताई, आवाज असा होता ना, जसं कुणी म्हणतं की संपूच नये. मी म्हटलं, "तू म्हणशील तितके." ती वळून गेली.

मुकादम मात्र सारखा दारापाशी येऊन आंबे चाचपतो. काल एक फोडून कोयीपर्यंत बघितला, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. "गार जास्त आहे," म्हणाला. मी म्हटलं, "तू झाडावर चढ, मशीन माझं आहे." त्याची मूठ वळली होती. मी पण वळवली होती. मग तो मालकाकडे गेला सांगायला, पण मालकाचे दोन मेहुणे असतात ना दारात, थोरला आणि धाकटा, बैलांसारखे, त्यांनी ढकलून हाकललं. बरं झालं.

या गाडीने माल येतोय. एकेक आंबा दगड. हात लावशील तर खूश होशील.

काडी


८ मे

काडी,

"अजून किती दिवस इथे" असं विचारणारी मुलगी घरी जायला निघालेली असते रे.

तुझा माल उघडला. क्रेटमध्ये हिरवागार, कडक. गोदामातली पोरं म्हणाली, वा. मी तो बाहेर काढून ठेवला, साध्या हवेत. दुसऱ्या दिवशी सालीवर राखेसारखा रंग उठला. तिसऱ्या दिवशी खड्डे पडले, कुणी बोटाने टोचून टोचून ठेवल्यासारखे. एक बाजू मऊ होऊन काळी पडली, दुसरी अजून लाकूड. कापला तर आत पांढरट, दोऱ्यासारखा, ना गोड ना आंबट. चव म्हणजे ओल्या पुठ्ठ्याची. मी असे साठ आंबे कापले. शेवटी शेवटी सुरी आपटायला लागले टेबलावर. सगळ्या गाडीचा हा हाल. ज्याच्यासाठी माल होता त्या व्यापाऱ्याने आमच्या पोराला गोदामातच लाथ घातली.

मालकाला फोन केला. तो एकच विचारतो: कच्चा तोडला का? म्हणजे मुकादमाने का? त्याला माझा सही-शिक्क्याचा कागद हवाय. मी म्हटलं, तपासतेय, वेळ लागेल.

पण मला तपासायचं काही उरलेलं नाही. प्रत्येक आंब्याचे खांदे भरलेले होते. बुडवले, सगळे बुडाले. ज्यांच्यात रंग उरला होता त्यांची कोयीजवळची कड पिवळी. माल पूर्ण तयार असताना तोडलेला आहे. मुकादमाने एक फळ लवकर तोडलेलं नाही.

आकडा किती होता, काडी? मला खरं लिही. माझ्याशी खोटं बोलू नकोस, मी तुला शी-शूपासून ओळखते.

ताई


१२ मे

ताई,

मामा निघायच्या घाईत आहे. झरझर लिहितो.

तुझा फोन आल्या आल्या मालक पेटला. मालकाने शेजारची बाग घेतली म्हणून टोळी अजून थांबली होती; मेहुण्यांनी मुकादमाला झोपडीतून ओढत आणलं. विचारलं, कच्चा तोडलास का? तो म्हणाला, नाही. थोरल्याने लोखंडी पहारीने त्याच्या पाठीत घातली. नाही. पुन्हा घातली. नाही. मग मालक म्हणाला, हात दारात ठेवा. शीतखोलीचं दार, ताई. जाड दार. धाकट्याने मनगट धरलं आणि थोरल्याने दार लोटलं. उजव्या हाताची बोटं. असा आवाज आला की मी लिहू शकत नाही. तो ओरडला नाही. त्याच्या तोंडातून हवा गेली फक्त.

मग त्याला आत कोंडलं. कबूल करेपर्यंत. आणखी थंड करण्यात आलं. ऊन डोक्यावर असताना कोंडलं, ते सावल्या लांब झाल्या तेव्हा दार उघडलं. त्याने आतून काय म्हटलं ते कळत नव्हतं, दात वाजत होते. मालक म्हणाला, कबूल झाला. ती दाराला नखं लावत होती एवढा वेळ. नखं तुटली तिची.

मालक म्हणतो, कागद येऊ दे. कागदात कच्चा तोडला असं आलं की दुसरा हातही दारात. पुन्हा कुठल्या बागेत पातं धरता येऊ नये म्हणून. टोळीला तोवर हलू देत नाहीत, मेहुणे फाटकावर बसलेत.

सात होता. आकडा सात होता, ताई. आधी आठ केला, मग फळ इतकं छान दगड राहिलं की सात केला. गाडी भरायच्या आदल्या दिवशी परत तेरा. फळ झोपलं की टोळी थांबेल एवढंच डोक्यात होतं. तूच लिहिलं होतंस ना सोसतो म्हणून. मी अर्धं वाचलं असेन. मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं.

आता मी सांगितलं तर मला मारून टाकतील. आणि ती? ती काय म्हणेल? तिला कळलं की मी... नाही. तू काहीतरी लिही. रोग आला होता असं लिही, नाहीतर गाडी वाटेत बिघडली म्हण. नाहीतर लिही कच्चा तोडला म्हणून, पण मालकाला सांग की मारू नका. तू सांगितलंस तर ऐकतील. तुझ्या हातात आहे सगळं.

काडी


१७ मे

काडी,

'आणखी थंड करण्यात आलं' म्हणे. कुणी केलं? मालकाला त्या मशीनमधलं काही कळत नाही. मेहुण्यांना दार लावता येतं तेवढंच. माणूस आत होता, मोडलेल्या बोटांनी, आणि बाहेर मशीनपाशी कोण उभं होतं? तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दार कुणी लोटलं ते लिहिलंस, मनगट कुणी धरलं ते लिहिलंस. बटण फिरवणाऱ्या हाताला मात्र माणूसच नाही.

मी रडले, मग उठून तोंड धुतलं, मग मालकाला फोन केला. सांगितलं, माझा कागद येईपर्यंत त्या माणसाच्या अंगाला बोट लावलंत तर मी स्वतः पोलीस घेऊन येईन; फळ कच्चं तोडलेलं नव्हतं. तो म्हणाला, मग चूक कुणाची? मी म्हटलं, कागदात असेल. तो म्हणाला, बघू.

कागद लिहिलाय. खरं तेच लिहिलंय: माल तयार होता, थंडीने मारला. नाव लिहिलेलं नाही, पण शीतखोलीवर माणूस एकच आहे.

पाकीट मामाकडे आहे आणि हे पत्रही. मी मामाला सांगितलंय, उतरलास की आधी पत्र माझ्या भावाला द्यायचं. मग बसून चहा प्यायचा, सावकाश. मग उठून पाकीट मालकाच्या हातात ठेवायचं. तेवढा वेळ तुझा. कागदाच्या आधी तू तोंड उघडलंस तर ते तुझं तोंड असेल. नंतर उघडलंस तर ते नुसतं भोक.

पळून जायचं असेल तरी त्याच वेळात जा. मी शोधायला येणार नाही.

तू जन्मल्यावर तुला पहिल्यांदा मी उचललं होतं, डॉक्टरीणबाईनंतर. अजून तेवढंच जड वाटतंय.

ताई


२६ मे

ताई,

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितोय. हॉस्पिटलातल्या नर्सबाई कागद धरून उभ्या आहेत. त्या वाचत नाहीयेत असं म्हणतात. वाचतायत.

चार मी केला होता. तेरावरून चार. मालक म्हणाला "खाली घे" आणि मी घेतला, लगेच. कारण मला वाटलं, मालकाच्या मनासारखं केलं की माझ्याकडे कुणी बघणार नाही. आणि खरं सांगू, क्षणभर मजाही वाटली. त्याने मला ढिगावर आपटलं होतं ना. तेवढ्या क्षणापुरतीच. मग आतून दारावर धक्के यायला लागले आणि मी कानावर हात ठेवून उभा राहिलो. आकडा परत वर नाही घेतला. हे मला तुला लिहायचंच होतं, बाकी काही लिहिलं नाही तरी.

मामा आला. पत्र वाचलं. वाचून पहिली गोष्ट काय केली असेन? मामाची कॉलर धरली. म्हटलं, पाकीट दे. म्हातारा चहाचा ग्लास उंच धरून म्हणाला, "सांडला तर बघ. चहासाठी मी मारामारी करतो, कागदासाठी नाही." मी मूठ उचलली होती. खरंच उचलली होती, मामाच्या दाढीत पांढरे केस दिसत होते तरी.

तेवढ्यात शेडच्या पायरीवर ते दोघं दिसले. मुकादमाचा हात कापडाच्या गाठोड्याएवढा झाला होता. ती त्याला भरवत होती. त्याने तोंड उघडलं, तिने घास दिला, त्याचा ओठ थरथरला आणि घास खाली पडला. तिने तो उचलला, फुंकला, पुन्हा भरवला. त्या माणसाने मला एका हाताने उचललं होतं, ताई.

मी मामाला सोडलं आणि शेडच्या मध्ये जाऊन ओरडलो. टोळी होती, मेहुणे होते, मालक खुर्चीवर होता. मी म्हटलं, सात केला होता. मी केला होता. टोळी जाऊ नये म्हणून. हिच्यासाठी. फळ तयार होतं, मुकादम खरं बोलत होता, त्याने मला सांगितलंही होतं. त्याला कोंडलं तेव्हा चार केला, तोही मीच.

मालक काय म्हणाला माहितेय? "म्हणजे मी याची बोटं फुकट मोडली." फुकट! जसं चुकीच्या क्रेटवर खिळा मारला. मग थोरल्याकडून पहार घेतली आणि मुकादमापुढे टाकली. "घे. तुझं तू फेड. माझ्या डोक्यावर नको."

मुकादमाने डाव्या हाताने पहार उचलली. जड होती. माझ्यासमोर आला, उचलली, पण खांद्याच्या वर जाईना. पाठीला मार होता ना. पहार त्याच्या हातून सुटून दगडावर वाजली. तो तिथेच खाली बसला आणि रडायला लागला. मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं. टोळीनेही नसेल. सगळ्यांनी माना वळवल्या.

ती आली. तिने पहार उचलली. मला म्हणाली, "बटण कुठल्या हाताने फिरवलंस?"

मी उजवा पुढे केला.

"टेबलावर ठेव."

तिचंच टेबल, प्रतवारीचं. मी ठेवला. मला वाटत होतं, नाही मारणार. शेवटच्या क्षणी टाकून देईल. मूर्खासारखा मी तिच्या डोळ्यांत बघत होतो, ताई, त्याही वेळी. तिने दोन्ही हातांनी मारली. पूर्ण ताकदीने. मनगटाच्या पुढे. हाड बाहेर आलं ते मी बघितलं, पांढरं, स्वच्छ. ओरडलो. कुत्र्यासारखा ओरडलो. मुकादमासारखा गप्प नाही राहता आलं.

ती म्हणाली, "हा दादाच्या बोटांचा."

आणि मी, त्या अवस्थेत, काय बोललो असेन? मी म्हटलं, "तुझ्यासाठीपण मार. तुझाही गुन्हेगार आहे मी." असं काहीतरी. रक्त टेबलावरून गळत होतं आणि माझ्या तोंडात हे.

ती मनापासून गोंधळली. रागावली नाही, गोंधळली. म्हणाली, "माझ्यासाठी कशाला? तुझं-माझं होतं काय?"

मग ती मालकाकडे वळली, पहार हातातच होती. मालक म्हणाला, "ए, ठेव ती खाली." धाकटा मेहुणा पुढे झाला आणि टोळी उठली. काठ्या उचलल्याचा आवाज आला फक्त, पात्यांच्या काठ्या, एकामागून एक. धाकटा थांबला. थोरला मागे सरला. मालक केबिनमध्ये गेला आणि आतून कडी लावली. तिने कडीकडे बघितलं आणि मग मशीनकडे गेली. आकड्याची काच फोडली, मग पाइप, मग खालचा डबा. वाफ सुटली, फुस्स करून. घाव घालून घालून दमली तेव्हा पहार टाकली. आत पुढच्या गाडीचा माल होता, शेजारच्या बागेचा, चांगला, तेरावरचा. तो सगळा आता एका वेळी पिकला असेल. विकायला कुणी नसेल.

मामाने त्या सगळ्यांना आपल्या गाडीत घेतलं. पाकीट त्याने मालकाच्या केबिनच्या फटीतून सरकवलं. म्हणाला, पोचवायचं काम, पोचवलं. मला गाडीत टाकायला टोळी तयार नव्हती. मुकादमानेच खूण केली, टाका म्हणून. मला मागे, रिकाम्या क्रेटवर आडवं केलं. त्याला पुढे बसवलं, मामाशेजारी, कारण त्याला दांडा धरता येत नव्हता. हॉस्पिटलच्या दारात मला उतरवलं. कुणी हात लावला, कुणी नाही.

गाडी निघाली तेव्हा ती मागच्या फळीवर उभी राहिली आणि वळून बघायला लागली. मी पायरीवर पडलो होतो. मला वाटलं, माझ्याकडे. मी मान उचलली सुद्धा. तिचं बोट हवेत हलत होतं, एक, दोन, तीन. सगळी माणसं गाडीत चढली का ते ती मोजत होती. दादाला आता पातं धरता येणार नाही. टोळीची मुकादम तीच.

काडी